आभासी खाजगी जाळे : विश्वास कोणावर ठेवावा?

गोमंतकातून आखाती देशांत, आफ्रिकेत वा बोटीवर नोकरीसाठी जाण्याची परंपरा जुनी आहे. पूर्वी अशा माणसांचा घराशी असलेला संबंध टपालावर व तारेवर अवलंबून असे. आता तो खिशातील मोबाईलवर आला आहे. खुशालीचा निरोप, घरखर्चाचे पैसे, मुलांच्या परीक्षेचा निकाल आणि रात्रीची मराठी मालिका ही सारी एकाच मार्गाने ये-जा करीत असतात. या मार्गावरील आपला व्यवहार तिऱ्हाइताच्या नजरेस पडू नये, तसेच परदेशी गेल्यावरही घरचे कार्यक्रम पाहता यावेत, या हेतूने व्ही.पी.एन. म्हणजेच आभासी खाजगी जाळे या सेवेची वर्गणी भरण्याकडे अनेकांचा कल दिसतो. या सेवेच्या जाहिराती 'संपूर्ण गोपनीयते'ची हमी देतात. ती हमी कितपत खरी असते आणि सेवा निवडताना कोणती गोष्ट पारखून घ्यावी, याचा विचार येथे केला आहे.

प्रथम या सेवेचे कार्य कसे चालते ते पाहू. समजा, पेडण्यातील एका गृहस्थास मुंबईच्या एका पेढीस पत्र पाठवावयाचे आहे. परंतु आपला त्या पेढीशी व्यवहार आहे, हे गावच्या टपाल कचेरीत कळू नये अशी त्याची इच्छा आहे. तो पत्र पाकिटात बंद करतो, ते पाकीट दुसऱ्या मोठ्या पाकिटात घालतो आणि वरच्या पाकिटावर मडगावच्या एका आप्ताचा पत्ता लिहितो. आप्त वरचे पाकीट फोडून आतले पाकीट मडगावच्या टपालात टाकतो. गावच्या कचेरीस एवढेच दिसते की या गृहस्थाचा मडगावशी पत्रव्यवहार आहे. पेढीस वाटते की पत्र मडगावहून आले. तिचे उत्तरही तिकडेच जाते व तेथून गुपचूप पेडण्यास येते. व्ही.पी.एन. नेमके हेच करते. गावची कचेरी म्हणजे इंटरनेट पुरवणारी कंपनी किंवा हॉटेलचे वायफाय. मडगावचा आप्त म्हणजे व्ही.पी.एन. कंपनीचा सर्व्हर. मोठे पाकीट म्हणजे त्या सर्व्हरपर्यंत होणारे संदेशाचे कूटबद्ध रूपांतर.

या व्यवस्थेत टपाल कचेरी अनभिज्ञ राहिली, पेढीही अनभिज्ञ राहिली. परंतु मडगावच्या आप्तास मात्र सर्व काही ठाऊक झाले. कोणी लिहिले, कोणास लिहिले, महिन्यातून कितीदा लिहिले, हे सारे त्याला कळते. आतले पाकीट चिकटवलेले असेल तर मजकूर तेवढा त्याच्यापासून सुरक्षित राहतो. आज बहुतेक संकेतस्थळे आणि बँकांची ॲप्स एच.टी.टी.पी.एस. या पद्धतीने हे आतले पाकीट स्वतःच चिकटवून पाठवितात. त्यामुळे पूर्वीसारखे कोणीही वाटेत मजकूर वाचील अशी स्थिती राहिलेली नाही. तात्पर्य, व्ही.पी.एन. घेतल्याने विश्वास ठेवण्याची गरज नाहीशी होत नाही. तो विश्वास एका कंपनीवरून काढून दुसरीवर ठेवला जातो, इतकेच. पहिली कंपनी निदान देशातील परवानाधारक असते आणि तिच्याविरुद्ध तक्रार करण्यास जागा असते. दुसरी पुष्कळदा दूरच्या एखाद्या बेटावर नोंदलेली असते.

हा विश्वास अनाठायी ठरल्याची उदाहरणे थोडी नाहीत. 'ओनावो' या इस्रायली कंपनीचे ॲप वापरकर्त्याची माहिती सुरक्षित ठेवण्याच्या आश्वासनावर दिले जात असे. २०१३ मध्ये फेसबुकने ही कंपनी विकत घेतली. लोक कोणती ॲप्स किती वेळ वापरतात याची माहिती याच मार्गाने मूळ कंपनीस मिळत राहिली व तिच्या व्यापारी कामासाठी वापरली गेली. २०१८ मध्ये ॲपलने हे ॲप आपल्या दुकानातून काढावयास लावले, पुढील वर्षी ते बंद झाले आणि जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील संघीय न्यायालयाने याच कारणास्तव फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. ॲप फुकट होते, हे मुद्दाम सांगावयास हवे.

दुसरे प्रकरण अधिक गंभीर आहे. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या तपास यंत्रणांनी '९११ एस ५' नावाचे गुन्हेगारी जाळे मोडून काढले. मास्क व्ही.पी.एन., ड्यू व्ही.पी.एन., शाईन व्ही.पी.एन. अशा फुकट ॲप्समधून हे जाळे लोकांच्या संगणकांत शिरले होते आणि १ कोटी ९० लाखांहून अधिक आय.पी. पत्ते त्याच्या कक्षेत आले होते. आय.पी. पत्ता म्हणजे इंटरनेटवरील घर क्रमांक. सामान्य कुटुंबाचा हा घर क्रमांक चोरट्यांना भाड्याने दिला जाई व ते त्याआडून आर्थिक फसवणुकीपासून इतर अनेक गुन्हे करीत. आपली ओळख लपविण्यासाठी ज्याने ॲप घेतले, त्याच्याच पत्त्यावरून परक्याचा गुन्हा घडावा आणि चौकशी मात्र त्याच्या दारी यावी, असा हा उफराटा प्रकार होता.

'आम्ही कोणत्याही नोंदी ठेवत नाही' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या जाहिरातीत आढळते. २०१७ मध्ये अमेरिकेतील एका छळवणुकीच्या खटल्यात अशीच घोषणा करणाऱ्या 'प्युअर व्ही.पी.एन.' कंपनीच्या नोंदींवरून आरोपीचा माग लागला. आरोपी पकडला गेला याचे दुःख कोणी करू नये. परंतु नोंदी नसल्याचा दावा खरा नव्हता, हेही त्यातून सिद्ध झाले. याउलट, १८ एप्रिल २०२३ रोजी स्वीडनच्या पोलिसांनी गोथेनबर्ग येथील 'मुलवाद' कंपनीच्या कार्यालयाची झडती घेतली, तेव्हा ग्राहकांची माहिती तेथे ठेवलीच जात नसल्याने त्यांना रिकाम्या हाताने परतावे लागले. अंकारा येथे डिसेंबर २०१६ मध्ये झालेल्या रशियन राजदूतांच्या हत्येच्या तपासात तुर्कस्तानच्या अधिकाऱ्यांनी 'एक्सप्रेस व्ही.पी.एन.'चा सर्व्हर ताब्यात घेतला होता. त्यातही उपयोगी नोंद सापडली नाही. कंपनीच्या शब्दाची खरी परीक्षा झडतीच्या दिवशी होते. तथापि ही परीक्षाही कायमची नसते. २०२१ मध्ये एक्सप्रेस व्ही.पी.एन. ही कंपनी 'केप टेक्नॉलॉजीज'ने सुमारे ९३ कोटी ६० लाख डॉलरना विकत घेतली. मालक बदलला की जुन्या लौकिकाची पुन्हा तपासणी करणे भाग पडते. अनेक 'तुलनात्मक परीक्षणे' ही विक्रीवर दलाली घेणाऱ्यांनी लिहिलेली असतात. एवढेच नव्हे, तर काही परीक्षण-स्थळे व्ही.पी.एन. कंपनीच्या मालकाच्याच हाती आहेत.

भारतातील स्थिती

भारतात व्ही.पी.एन. वापरण्यावर सरसकट बंदी नाही. मात्र जम्मू व काश्मीरमधील काही जिल्ह्यांत सुरक्षेच्या कारणास्तव जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी वेळोवेळी तात्पुरते मनाई आदेश काढले आहेत. तिकडे सहलीस वा यात्रेस जाणाऱ्यांनी याची चौकशी करावी. सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांसाठी मात्र नियम आहेत. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्ही.पी.एन. कंपन्यांनी ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, त्यास दिलेला आय.पी. पत्ता व सेवा घेण्याचा उद्देश ही माहिती पाच वर्षे जतन करावयाची आहे. कार्यालयांच्या अंतर्गत व्ही.पी.एन.ला हा नियम लागू नाही. गुन्ह्यांचा तपास सुकर व्हावा हा शासनाचा उद्देश. नोंदी ठेवल्या तर आपला व्यवसायच उरत नाही ही कंपन्यांची बाजू. परिणामी अनेक परदेशी कंपन्यांनी त्याच वर्षी आपले सर्व्हर भारतातून हलविले. आज त्यांच्या यादीत 'भारत' असे नाव दिसले, तरी तो सर्व्हर प्रत्यक्षात सिंगापूरला वा लंडनला असून पत्ता तेवढा भारतीय असतो. अशा सेवेचा वेग कमी पडल्यास नवल वाटू नये.

शासकीय कर्मचाऱ्यांसाठी तर हा प्रश्न निवडीचा नाहीच. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत त्रयस्थ व्ही.पी.एन. सेवा वापरू नयेत, तसेच कार्यालयीन गोपनीय कागदपत्रे खाजगी साठवण सेवांवर ठेवू नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. घरून वा दौऱ्यावरून कार्यालयीन प्रणालीत प्रवेश करावयाचा असल्यास केंद्राची स्वतःची व्ही.पी.एन. सेवा रीतसर अर्ज करून घ्यावी लागते. कार्यालयाचे काम ज्या मोबाईलवर होते त्यावर करमणुकीसाठी फुकट ॲप बसविणे, हा दोष वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु ९११ एस ५ चे प्रकरण वाचलेल्यास तो क्षुल्लक वाटणार नाही.

प्रवासास निघताना

आखाती देशांत जाणाऱ्यांच्या मनात मुख्य प्रश्न असतो तो घरच्यांशी बोलण्याचा. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरून होणाऱ्या ध्वनी व चित्र संभाषणावर दीर्घकाळ निर्बंध राहिले आहेत, आणि व्ही.पी.एन. लावून ते ओलांडण्याचा सल्ला तेथे पोहोचलेल्या नवख्यास पहिल्याच आठवड्यात कोणीतरी देतो. सल्ला देणारा सद्हेतूनेच देतो. परंतु त्या देशाच्या २०२१ च्या ३४ क्रमांकाच्या संघीय कायद्यानुसार, गुन्हा करण्यासाठी वा तो दडविण्यासाठी आय.पी. पत्ता बदलणाऱ्यास कारावास आणि ५ लाख ते २० लाख दिरहम दंड अशी तरतूद आहे. व्ही.पी.एन. बाळगणे हाच गुन्हा आहे असे तो कायदा म्हणत नाही. बँका व कंपन्या आपल्या कामासाठी ते राजरोस वापरतात. तथापि निर्बंधित सेवा त्याद्वारे उघडणे कोणत्या सदरात मोडेल, याचा निर्णय पणजीत बसलेला मित्र करणार नसून तेथील अधिकारी करणार असतात. पाच लाख दिरहम हा आकडा सामान्य कामगाराच्या कित्येक वर्षांच्या मिळकतीहून मोठा आहे, आणि व्हिसा रद्द झाल्यास घरचे कर्ज कोणी फेडावयाचे हा प्रश्न उरतोच. यास्तव तेथे नियामकाने मान्य केलेली बोटिमसारखी ॲप्स वापरणे, व तीच घरच्या मोबाईलवर आधी बसवून घरातील वडीलधाऱ्यांना शिकवून ठेवणे, हा सुरक्षित मार्ग होय. चीनमध्येही शासनमान्य व्ही.पी.एन.लाच परवानगी आहे. नियम बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी चालू स्थितीची खातरजमा करून घ्यावी.

विमानतळावरील व हॉटेलातील वायफायवर व्ही.पी.एन.चा उपयोग निश्चित आहे. मात्र बँकेचे व्यवहार करताना बँकेस अचानक परदेशी पत्ता दिसला, तर ती व्यवहार रोखून धरते. अशा वेळी स्वतःच्या मोबाईलचे इंटरनेट वापरणे सोयीचे पडते. आणखी एक गोष्ट: फसव्या दुव्यावर बोट ठेवणाऱ्यास किंवा फोनवर ओ.टी.पी. सांगणाऱ्यास कोणतेही व्ही.पी.एन. वाचवू शकत नाही. पैसे गेले तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविणे हाच उपाय आहे.

चित्रपट आणि मालिका

चित्रपटांचे हक्क देशवार विकले जातात. त्यामुळे म्हापशात दिसणारी मालिका लिस्बनमध्ये दिसेलच असे नाही. व्ही.पी.एन.ने ही अडचण दूर होते असे जाहिराती सांगतात. नेटफ्लिक्सने जानेवारी २०१६ मध्येच अशा मार्गाने येणाऱ्यांना अडविण्याचे धोरण जाहीर केले आणि तिच्या जाहिरातींसह मिळणाऱ्या स्वस्त योजनेत तर व्ही.पी.एन. चालतच नाही. सेवा अडवते, व्ही.पी.एन. कंपनी नवे पत्ते आणते, सेवा तेही ओळखते, असा हा लपंडाव आहे. केवळ करमणुकीसाठी तीन वर्षांची वर्गणी आगाऊ भरणे म्हणूनच शहाणपणाचे नाही. आज चालणारा मार्ग पुढील महिन्यात चालेल, याची हमी विक्रेताही देऊ शकत नाही.

येथे एक उपयुक्त माहिती अनेकांच्या ध्यानात नसते. युरोपीय संघाच्या नियमानुसार १ एप्रिल २०१८ पासून, संघातील एका देशात पैसे भरून घेतलेली सेवा तात्पुरत्या प्रवासात संघाच्या दुसऱ्या देशातही तशीच मिळते, त्यासाठी व्ही.पी.एन. लागत नाही. पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन तिकडे स्थायिक झालेल्या गोमंतकीयांना याचा लाभ होतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना मात्र २०२१ च्या आरंभापासून ही सवलत उरलेली नाही. बोटीवर जाणाऱ्यांनी तर घरून निघतानाच कार्यक्रम मोबाईलवर उतरवून घ्यावेत. समुद्रावरील महागड्या व मंद इंटरनेटपेक्षा ते बरे.

निवड व तपासणी

सेवा घ्यावयाचीच असे ठरल्यास कंपनीचा मालक कोण, ती कोणत्या देशाच्या कायद्याखाली येते आणि त्रयस्थ तपासनिसांचा अहवाल तिने प्रसिद्ध केला आहे काय, हे आधी पाहावे. फुकट सेवा सर्वच वाईट नसतात. स्वित्झर्लंडच्या 'प्रोटॉन'ची मोफत सेवा तिच्या पैसे भरणाऱ्या ग्राहकांच्या आधारे चालते आणि तिच्या ॲपची मूळ आज्ञावली २०२० पासून सर्वांस तपासण्यास खुली आहे. खर्च कोठून भागतो हे जिथे सांगता येत नाही, तिथे तो ग्राहकाच्या माहितीतून भागत असण्याचा संभव धरून चालावे. वायरगार्ड, ओपन व्ही.पी.एन. किंवा आय.के.ई.व्ही.२ यांपैकी एखादी कूटपद्धती असावी. १९९० च्या दशकातील पी.पी.टी.पी. आता असुरक्षित मानली जाते. 'किल स्विच' नावाची सोय असणे अगत्याचे आहे. जोडणी मध्येच तुटल्यास ती इंटरनेटही बंद करते व मोठ्या पाकिटाविना पत्र बाहेर पडू देत नाही. पुष्कळ ॲप्समध्ये ही सोय प्रथम बंद असते; ती हाताने चालू करावी लागते.

प्रथम एका महिन्याचीच वर्गणी भरावी. ॲप लावण्यापूर्वी व नंतर आपला आय.पी. पत्ता दाखविणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर जाऊन पत्ता खरोखर बदलला काय, ते पाहावे. दोन-तीन वर्षांच्या योजनांचा दर आरंभी स्वस्त दिसतो आणि नूतनीकरणाच्या वेळी बहुधा वाढतो. मुलवादसारखी महिना ५ युरो हा एकच दर ठेवणारी कंपनी विरळा. सेवा बंद करावयाची झाल्यास मोबाईलवरून ॲप काढून टाकणे पुरेसे नसते. वर्गणी ज्या खात्यातून भरली, त्या खात्यात जाऊन आपोआप होणारे नूतनीकरण रद्द करावे व रद्द झाल्याची पोच जपून ठेवावी.