पट्ट्यांची साक्ष

धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगररांगेत येडशी हे गाव आहे. गावाजवळच्या दरीत रामलिंगाचे देवालय असून पावसाळ्यात तेथील धबधबा पाहण्यास दूरदूरची माणसे येतात. रावणाशी झुंजताना जटायू येथेच पडला, अशी कथा भाविक सांगतात. देवालयाभोवतालचे सुमारे 22 चौरस किलोमीटरांचे रान अभयारण्य म्हणून राखलेले आहे. रान तरी कसले! बोरी, बाभळी, पळस यांची विरळ झाडी, आणि तीत माकडे, मोर, रानडुकरे, कोल्हे यांची वस्ती. वाघ मात्र या भागात कित्येक दशकांत कोणाच्या दृष्टीस पडला नव्हता.

या अभयारण्यात बसविलेल्या एका कॅमेऱ्याने डिसेंबर 2024 मध्ये चक्क वाघाचे छायाचित्र टिपले.

असे चित्र पाहून शंका येणे स्वाभाविकच होय. चहूकडे उसाचे फड आणि ज्वारीची शेते. जवळून सोलापूर-धुळे महामार्ग जातो, आगगाडी धावते. येथे वाघ यावा कोठून? शिवाय आजकाल छायाचित्र खोटे करण्यास फारसे कौशल्य लागत नाही. संगणकाला चार शब्द सांगितले की तो पाहिजे त्या जनावराला पाहिजे त्या गल्लीत उभे करतो. 2025 मध्ये महाराष्ट्रात बिबट्यांची अशी कितीतरी बनावट चित्रे घरोघरीच्या मोबाइलवर फिरली, आणि ती पाहून लोक विनाकारण भयभीत झाले.

येडशीच्या चित्राचा खरेखोटेपणा हा केवळ करमणुकीच्या वादाचा विषय नव्हता. डिसेंबर म्हणजे रब्बीचा हंगाम. वीज रात्री आली तर शेतकऱ्याला पिकास पाणी देण्यासाठी रात्रीच घराबाहेर पडावे लागते. शेतातील वस्तीवर गुरे बांधलेली असतात आणि या जिल्ह्याची ख्याती ज्यांच्यामुळे दूरवर पसरली, त्या उस्मानाबादी शेळ्याही तेथेच असतात. चित्र खरे असून कोणी ते थट्टेवारी नेले, तर जनावरे जाणार आणि प्रसंगी माणसावरही बेतणार. उलट ते खोटे असून लोकांनी खरे मानले, तर पिके पाण्यावाचून वाळणार आणि भेदरलेला जमाव काठ्या घेऊन एखाद्या गरीब तरसाचाच जीव घेणार.

म्हणून प्रथम हे पाहिले पाहिजे की चित्र काढले कोणी. रानातील असे कॅमेरे जनावरांच्या वाटेवर झाडाला किंवा खांबाला माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधतात. ऊबदार अंगाचे प्राणी समोरून हालचाल करीत गेले की कॅमेरा आपोआप चित्र घेतो आणि त्यावर तारीख व वेळ उमटवितो. वाघांच्या गणनेसाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावण्याची रीत आहे, कारण वाघाच्या उजव्या कुशीवरील पट्टे डाव्या कुशीसारखे नसतात. जागा ठाऊक, वेळ ठाऊक; अशा चित्राची जातकुळी सांगता येते. हातोहात फिरत आलेल्या चित्राची ती सांगता येत नाही.

एवढ्यानेही ज्यांचे समाधान होत नाही, त्यांच्यासाठी वाघाने आपले ओळखपत्र अंगावरच वागविले आहे. दोन माणसांच्या बोटांचे ठसे जसे सारखे नसतात, तसे दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हिमालयाच्या पायथ्याशी चॅम्पियन नावाचे एक वनाधिकारी होते. वाघाचा पाय तारेला लागताच कॅमेरा चालावा, अशी युक्ती करून ते रात्री वाघांची छायाचित्रे घेत. पट्ट्यांवरून एकेक वाघ वेगळा ओळखता येतो, हे त्यांनी तेव्हाच ताडले होते. पुढे उल्हास कारंत यांनी कर्नाटकातील नागरहोळ येथे याच तत्त्वावर वाघांची मोजणी केली. आता तर देशभरातील वाघांच्या चित्रांचा संग्रह झाला आहे. 2022 च्या गणनेत 32,588 ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांनी घेतलेल्या 4 कोटी 70 लाखांहून अधिक चित्रांपैकी 97,399 चित्रांत वाघ होते. पट्टे जुळविले तेव्हा ते निरनिराळे 3,080 वाघ निघाले.

येडशीच्या वाघाचे पट्टेही जुन्या चित्रांशी ताडून पाहण्यात आले. ते जुळले यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्याच्या एका तरुण नराशी. टिपेश्वरहून येडशी सुमारे साडेचारशे ते पाचशे किलोमीटर! परंतु हेही अशक्य नव्हे. वाढत्या वयाचा नर आपल्यासाठी स्वतंत्र प्रदेश शोधण्यास बाहेर पडतोच. 2019 मध्ये टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ भटकत भटकत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या गळ्यात रेडिओपट्टा असल्याने त्याची वाट मोजता आली; ती तेराशे किलोमीटरांवर भरली.

ज्या पट्ट्यांनी येडशीच्या वाघाचा खरेपणा सिद्ध केला, त्याच पट्ट्यांनी दुसऱ्या एका वाघाचे बिंग फोडले. ही गोष्ट चीनमधील आहे. तेथील शान्शी प्रांतात ऑक्टोबर 2007 मध्ये एका शेतकऱ्याने वाघाची 71 छायाचित्रे सादर केली. रानात कित्येक वर्षे न दिसलेला दक्षिण चिनी वाघ सापडला, म्हणून सरकारी अधिकारी हर्षभरित झाले आणि त्याला 20,000 युआनचे बक्षीसही मिळाले. पण चित्रे बारकाईने पाहणाऱ्यांना प्रश्न पडू लागले. इतक्या चित्रांत वाघ तसूभरही हलला कसा नाही? त्याच्या डोक्यावरील पानांच्या मानाने तो एवढा लहान का? नोव्हेंबरमध्ये नववर्षानिमित्त भिंतीवर लावण्याचे एक जुने रंगीत चित्र लोकांच्या नजरेस आले. त्यातील वाघाचे पट्टे आणि शेतकऱ्याच्या वाघाचे पट्टे तंतोतंत एक होते! जून 2008 मध्ये पोलिसांनी लबाडी जाहीर केली. कागदाचा वाघ झुडपात उभा केला होता. एवढेच नव्हे, तर बर्फात पाऊलखुणा उमटविण्यासाठी लाकडाचा पंजाही कोरून घेतलेला होता. त्या शेतकऱ्याला शिक्षा झाली आणि डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांवरही कारवाई झाली.

या दोन वाघांत फरक एवढाच, की चीनचा वाघ 71 चित्रांत एकाच जागी बसून राहिला आणि येडशीचा चालत राहिला. पुढील दिवसांत त्याने शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुक्यापर्यंत मजल मारली. तेथे त्याच्या पावलांचे ठसे मिळाले आणि त्याने मारलेली गुरेही आढळली. कागदाच्या वाघाने आजवर एकही वासरू खाल्लेले नाही. गुरे गमावलेल्या शेतकऱ्यांना तर छायाचित्राची गरजच उरली नव्हती. त्यांचा प्रश्न नुकसानभरपाईचा आणि रात्रीच्या पाण्याच्या पाळीचा होता. अखेर वाघाला बेशुद्ध करून पकडावे, असे वनखात्याने ठरविले. त्यासाठी जानेवारी 2025 मध्ये चंद्रपूरकडील ताडोबाहून अनुभवी पथक आले आणि डोंगरझाडीत व शेतांत त्याच्या मागावर राहिले. परंतु वाघ काही त्यांच्या हाती लागला नाही.