लॅपटॉप घेताना रॅम जास्त घ्यावी की स्टोरेज?



बारावीचा निकाल लागला की घराघरात लॅपटॉपची चर्चा सुरू होते. परवा एका माजी विद्यार्थ्याचे वडील भेटले. मुलाला इंजिनिअरिंगला घालायचंय. म्हणाले, "सर, दुकानदार दोन लॅपटॉप दाखवतोय. किंमत जवळपास सारखीच. एकात ८ जीबी रॅम आणि १ टीबी एसएसडी, दुसऱ्यात १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी. पहिल्यात डबल जागा मिळतेय, तोच घेऊ ना?"

दोन्ही आकडे जीबीतच सांगतात, म्हणून हा गोंधळ होतो. आपण स्वयंपाकघराचं उदाहरण घेऊ.

रॅम म्हणजे ओटा, स्टोरेज म्हणजे कपाट

कपाटात डाळ-तांदळाचे डबे कायम राहतात. स्वयंपाक करताना लागतील तेवढेच डबे आपण ओट्यावर काढतो आणि रात्री ओटा पुसून मोकळा करतो. फाइली, फोटो, प्रोग्रॅम स्टोरेजमध्ये कायम असतात. उघडलेलं काम रॅममध्ये येतं आणि लॅपटॉप बंद केला की रॅम रिकामी होते.

ओटा लहान असेल तर? एक डबा आत ठेवा, दुसरा काढा, यातच वेळ जातो. रॅम भरली की लॅपटॉपही असंच करतो, काही माहिती तात्पुरती स्टोरेजवर टाकतो. एसएसडी कितीही चांगली असली तरी रॅमपेक्षा बरीच मंद, त्यामुळे मशीन अडकायला लागतं. कपाट मोठं करून ओटा मोठा होत नाही.

हे मी स्वतः भोगलंय. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझ्याकडे ४ जीबी रॅम आणि १ टीबी हार्ड डिस्कचा लॅपटॉप होता. स्क्रीन शेअर केली की सगळं थांबायचं, मुलं तिकडे वाट बघत बसायची. डिस्क मात्र पावसुद्धा भरली नव्हती.

मग किती घ्यावं?

- विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज लागतं. पण ही फक्त चालू होण्यापुरती अट आहे.
- टायपिंग, पीडीएफ, ऑनलाइन तास एवढंच काम असेल तर ८ जीबी रॅम चालते.
- प्रोग्रॅमिंग, डिझाइन, व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल तर १६ जीबी घ्या.
- नोट्स आणि पीडीएफ फारशी जागा घेत नाहीत. जागा खातात ते व्हिडिओ आणि गेम्स. बहुतेक विद्यार्थ्यांना ५१२ जीबी पुरते.
- स्टोरेज एसएसडीच हवं. नुसती हार्ड डिस्क असलेला लॅपटॉप स्वस्त मिळाला तरी टाळा.

५१२ जीबीचे विंडोजमध्ये साधारण ४७६ दिसतात. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते, विंडोज १०२४ च्या. कुणी फसवलेलं नसतं.

दुकानात हा प्रश्न नक्की विचारा

"रॅम नंतर वाढवता येते का, की बोर्डवरच सोल्डर केलेली आहे?" बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती सोल्डर केलेली असते, म्हणजे घेताना जेवढी तेवढीच कायम. स्टोरेज कमी पडलं तर बाहेरून एसएसडी जोडता येते. रॅमचा स्लॉट मोकळा असेल, तर आज ८ जीबी घेऊन पुढे वाढवायलाही हरकत नाही.

घरात जुना लॅपटॉप असेल तर नेहमीचं काम चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' आणि तिथे 'मेमरी' बघा. सतत ९० टक्क्यांच्या आसपास दिसत असेल तर अडचण रॅमची आहे.

त्या पालकांनी दुकानात हाच प्रश्न विचारला. दोन्ही लॅपटॉपची रॅम सोल्डर केलेली निघाली. चार वर्षं तोच वापरायचा, दुसरा घेण्याची ऐपत नाही, म्हणून त्यांनी १६ जीबीवाला घेतला.