करार संपतो कसा, ते आधी वाचा

मुलुंड पूर्वेला एका खाद्यसाखळीची फ्रँचायझी मी घेतली आणि तिसऱ्या वर्षी शटर खाली ओढलं. आता घाटकोपर-बोरिवलीचे ओळखीचे लोक सही करण्याआधी करार घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगतो, तेच इथे लिहितो.

१. पहिल्यांदा करार रद्द होण्याची कलमं वाचा. आपण फी आणि रॉयल्टीच्या आकड्यांत अडकतो. माझ्या करारात कंपनीला ३० दिवसांच्या नोटिशीवर मोकळं होता येत होतं, मला पाच वर्षं नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये मॅकडोनाल्ड्सने उत्तर आणि पूर्व भारतातल्या १६९ दुकानांचा करार रद्द केला. समोर विक्रम बक्षींसारखे जुने भागीदार होते, तरी तडजोड व्हायला मे २०१९ उजाडला. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. १८७२ चा करार कायदा आणि आपण सही केलेला कागद, एवढाच आधार.

२. गाळ्याचा करार आणि ब्रँडचा करार शेजारी ठेवून वाचा. मी इथेच बुडालो. ब्रँडचा करार पाच वर्षांचा, गाळ्याचं लीव्ह अँड लायसन्स तीन वर्षांचं. इमारत जुनी, सोसायटीत रिडेव्हलपमेंटची बोलणी चाललेली. मी विचारलं नाही, मालकाने सांगितलं नाही. मुदत संपली तेव्हा नूतनीकरणाला त्याने नकार दिला. त्याला नव्या इमारतीत गाळा मिळणार होता, मला फक्त डिपॉझिट परत मिळालं. लाद्या, एक्झॉस्टचं काम, ओटे, सगळं तिथेच राहिलं. वर कंपनीने उरलेल्या दोन वर्षांची किमान रॉयल्टी मागितली. ते कलम मी सही केलेल्या करारातच होतं.

म्हणून सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचे मिनिट्स मागा. मालक दाखवायला का-कू करू लागला, तर तो गाळा सोडा. आणि जागा हातची गेली तर दंडाशिवाय सुटका, ही ओळ ब्रँडच्या करारात घालून घ्या. कंपनी ऐकत नसेल, तर माझ्या मते ती फ्रँचायझी घेऊ नये.

३. रॉयल्टी विक्रीवर असते, नफ्यावर नाही. तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि ५ टक्क्यांच्या दरात बसणाऱ्या रेस्टॉरंटला त्याचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे ६ टक्के रॉयल्टी आपल्याला ७.०८ टक्के पडते. झोमॅटो-स्विगीचं कमिशन कापण्याआधीच्या रकमेवर ती मोजणार की नंतरच्या, हेही लिहून घ्या.

४. ब्रँडचं नाव ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर वर्ग ४३ मध्ये शोधा. पैसे लागत नाहीत. अर्ज केलेला असणं आणि नोंदणी झालेली असणं यांत मोठा फरक आहे.

५. वाद कुठे चालणार ते पाहा. माझा लवाद दिल्लीला होता. दर तारखेला विमान, हॉटेल आणि वकील. तिथे मुंबई लिहून घ्या.

गाळ्याचं टोकन देण्याआधी दोन्ही करार एकाच वकिलाला एकत्र दाखवा. त्याची फी माझ्या दुकानाच्या एका महिन्याच्या वीजबिलाहून कमी होती. मला ते कळलं ते दुकान बंद झाल्यावर.