दर्यातील गळ आणि बूच

प्रश्न : भीमेत गळ टाकण्याचा सराव आहे. कोकणात समुद्रावर बुचाने मासे धरता येतील काय?
– एक वाचक, काष्टी (ता. श्रीगोंदा)

उत्तर : अवश्य. मात्र नदीत एकदा बांधलेले बूच दिवसभर पुरते, तर समुद्रात भरती-ओहोटीमुळे सुमारे सहा तासांत पाण्याची खोली पालटत असल्याने, दोरावर सरकणारे व सुताच्या गाठीने इष्ट खोलीवर अडवता येणारे बूच घ्यावे, आणि केवळ त्याचा शेंडा पाण्यावर दिसेल इतकेच शिसे खाली लावावे. आमिषास ताजी कोळंबी उत्तम. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह प्रबळ असतो. म्हणून नवशिक्याने अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती साधावी. शेवाळलेला कातळ मी सर्वथा वर्ज्य मानतो. बंदराच्या अंमलदाराची परवानगी घेऊन धक्क्यावरच बसावे. पावसाळ्यात मात्र, कळकळीची विनंती, दर्यावर जाऊच नये.