अधूनमधून लागणारा ‘चेक इंजिन’ दिवा : वायरिंगमधील बिघाड कसा शोधावा?

भाजीपाला, फळे व दूध बाजारात नेण्यासाठी आता अनेक शेतकऱ्यांकडे स्वतःची पिकअप किंवा छोटा टेम्पो आहे. देशात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही प्रदूषण मानके लागू झाली. त्यानंतरच्या चारचाकी वाहनांत इंजिनावर ईसीयू, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पेटीची देखरेख असते. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांनाही कडक मानके लागू झाल्याने तेथेही सेन्सर आणि नियंत्रण पेटी आली आहे. सेन्सरकडून येणारा संदेश चुकीचा वाटला की ही पेटी डॅशबोर्डवरील पिवळा ‘चेक इंजिन’ दिवा लावते.

दिवा कायम लागून राहिला तर दोष सापडणे तुलनेने सोपे असते. खरी अडचण होते ती दिवा कधी लागतो, कधी विझतो तेव्हा. समजा, पहाटे टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावच्या बाजारात निघालेली पिकअप वाटेत झटके देऊन बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. गॅरेजमध्ये नेईपर्यंत सर्व ठीक असते. मग अंदाजाने एखादा सेन्सर बदलला जातो, पैसे खर्च होतात आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच. अशा बिघाडाचे मूळ पुष्कळदा सेन्सरमध्ये नसून वायर, कपलर किंवा अर्थिंगमध्ये असते. म्हणून सुटा भाग विकत घेण्यापूर्वी वायरिंग तपासावे.

कोड म्हणजे निदान नव्हे

स्टिअरिंगखालील १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला असता बिघाडाचा कोड मिळतो. उदा. पी ०३३५ हा कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटचा आहे. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याच्या वायरी, कपलर आणि नियंत्रण पेटी हे सर्व. त्यामुळे या कोडवरून ‘सेन्सर गेला’ असा निष्कर्ष काढू नये.

अनेक दोषांत दिवा लागण्यासाठी दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसावा लागतो. पुढील तीन फेऱ्या निर्दोष गेल्यास दिवा विझतो, पण कोड पेटीच्या स्मरणात बराच काळ राहतो. म्हणून दिवा विझला म्हणजे दुरुस्ती झाली असे समजू नये. बॅटरीची वायर काढून दिवा घालविण्याचा उपाय तर करूच नये. त्यामुळे कोड आणि दोष घडताना नोंदला गेलेला वेग, तापमान व फेरे यांचा तपशील पुसला जाण्याची शक्यता असते. आधी हा तपशील वहीत लिहून घ्यावा.

दोष केव्हा येतो याची नोंद ठेवावी

१) पाऊस किंवा गाडी धुतल्यानंतर : कपलरमध्ये पाणी, पिनांवर हिरवट गंज.
२) खड्ड्यात किंवा वळणावर : सैल पिन, घासलेली किंवा आतून तुटलेली वायर.
३) इंजिन तापल्यावर, आणि थंड झाल्यावर बरे : क्रँक सेन्सरची आतील गुंडाळी किंवा सायलेन्सरजवळची वायर. येथे सेन्सरच दोषी असू शकतो.
४) हेडलाईट, पंखा लावल्यावर : खराब अर्थिंग किंवा अशक्त बॅटरी.
५) गाडी गोठ्याजवळ वा धान्याच्या कोठाराजवळ काही दिवस उभी राहिल्यानंतर : उंदरांनी कुरतडलेली वायर.

तपासणीचा क्रम

प्रथम बॅटरी पाहावी. इंजिन बंद करून काही तास झाल्यावर पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. सेल्फ मारताना तो साधारण ९.६ व्होल्टखाली जाऊ नये. टर्मिनल स्वच्छ करून घट्ट बसवावेत.

यानंतर अर्थिंग तपासावे. इंजिन सुरू ठेवून हेडलाईट व पंखा लावावा. मल्टिमीटर डी.सी. व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलला आणि दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूला लावावे. आकडा ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आल्यास अर्थिंगची पट्टी काढून गंज व रंग खरवडून पुन्हा आवळावी.

ही तपासणी विद्युतभार चालू असतानाच का करावी, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. इंधनाच्या विद्युत पंपाला ६ अँपिअर प्रवाह लागतो असे धरू. वाटेतील जोडात ०.५ ओहम विरोध असेल, तर ३ व्होल्ट तेथेच वाया जातात आणि १२ ऐवजी ९ व्होल्टच पंपाला मिळतात. गाडी बंद ठेवून ओहम मोजले तर हा अर्धा ओहम मीटरच्या वायरींचा समजून सोडून दिला जातो. एकच तार शिल्लक राहिलेली वायरही अशा मोजणीत चांगली दिसते.

तिसरी पायरी हलवून पाहण्याची. इंजिन संथ चालू ठेवावे, स्कॅनरवर संशयित सेन्सरचा आकडा पाहावा आणि वायरिंग वीतभर अंतराने हळूहळू हलवावे. आकडा उडाला किंवा इंजिन अडखळले की दोषाची जागा सापडली. हात, सदऱ्याची बाही व उपरणे पंखा आणि पट्ट्यापासून दूर ठेवावे.

एकाच वेळी तीन-चार सेन्सरांचे कोड आल्यास ते सर्व एकदम खराब झाले असे मानू नये. अनेक सेन्सरांना नियंत्रण पेटीकडून ५ व्होल्टचा सामाईक पुरवठा असतो. एका सेन्सरची वायर बॉडीला टेकली तरी इतरांचा पुरवठा कोसळतो. अशा वेळी किल्ली बंद करून एकेक कपलर काढावा व पुन्हा किल्ली चालू करून पुरवठा मोजावा. ज्या कपलरनंतर ५ व्होल्ट परत येतात, तो सेन्सर आणि त्याची वायर तपासावी.

दुरुस्ती व काळजी

• पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ कराव्यात. पॉलिशपेपरने घासू नयेत.
• तुटलेली वायर पिळून नुसती टेप गुंडाळू नये. त्याच जाडीची वायर व दाबून बसणारा जोड वापरून वर उष्णतेने आवळणारी नळी बसवावी.
• वायरीत सुई टोचून तपासणी करू नये; त्या छिद्रातून ओल शिरते.
• सेन्सरच्या वायरींना साधा बल्बचा टेस्टर लावू नये. त्याच्या जादा प्रवाहाने नियंत्रण पेटीस इजा होऊ शकते.
• पिवळे कपलर सहसा एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नये.
• गाडीवर किंवा ट्रॅक्टरवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची ऋण वायर काढावी.
• जोरदार पाण्याचा फवारा इंजिनावरील कपलरवर मारू नये.

पेट्रोल किंवा सीएनजी वाहनात हा दिवा उघडझाप करीत असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही असे समजावे व गाडी सुरक्षित जागी थांबवावी. न जळलेल्या इंधनामुळे सायलेन्सरमधील महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होतो. ऑईलचा लाल दिवा लागल्यास इंजिन त्वरित बंद करावे.

शेतकरी बंधूंनी दोषाच्या वेळेची नोंद आणि कोड लिहिलेली वही मिस्त्रीकडे सोबत न्यावी. बॅटरी, अर्थिंग, कपलर व वायर या क्रमाने तपासणी झाल्यावरच सेन्सर बदलण्याचा निर्णय घ्यावा. असे केल्यास अनावश्यक खर्च टळेल आणि ऐन हंगामात नाशवंत माल रस्त्यात अडकून होणारे नुकसानही टाळता येईल.