जुन्या गोल्फमध्ये टर्बो

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये राहतो. माझ्या १९८९ च्या गोल्फ जीटीआयमध्ये १.८ टर्बो इंजिन घरच्या गॅरेजमध्येच बसवता येईल का?

उत्तर : येईल. २० व्हॉल्व्हचं हे इंजिन फोक्सवॅगनच्याच घराण्यातलं, त्यामुळे जागेचा प्रश्न फारसा येत नाही. घाम फोडते ती वायरिंग. इंजिनासोबत त्याच गाडीचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), अख्खी वायरिंग आणि इमोबिलायझर असल्यास त्याची किल्लीही मागून घ्या. नाहीतर सगळं जोडून झाल्यावर गाडी सुरू होऊन लगेच बंद पडेल. जुना ०२० गिअरबॉक्स एवढा टॉर्क फार काळ सोसत नाही. फोक्सवॅगन कोराडोचा ०२ए गिअरबॉक्स शोधा. ब्रेक मात्र आधी बदला, हौस नंतर! इंजिन बदलल्याचं डीव्हीएलए (तिथलं वाहन नोंदणी खातं) आणि विमा कंपनी, दोघांनाही कळवावं लागतं.