चित्रवाचन : एक तैलचित्र आणि उद्याच्या संस्थापिका



चित्रवाचनात आपण मुलांना ‘काय काय दिसतं?’ एवढंच विचारतो. ‘काय दिसत नाही?’ हेही विचारून पाहा. चौथी-पाचवीसाठी हा छोटा पाठ.

चित्र : ज्युलिएट गॉर्डन लो. चित्रकार एडवर्ड ह्यूज, १८८७. सध्या वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. मोबाईलवर किंवा प्रोजेक्टरवर दाखवा.

१) दिसतं ते सांगा. फिकट गुलाबी, तलम पोशाख. श्रीमंत घरची तरुणी. मुलं म्हणतील, ‘राजकन्या!’ म्हणू द्या.

२) आता न दिसणारं सांगा. तिचं लग्न डिसेंबर १८८६ मध्ये झालं. आपण अक्षता टाकतो तसे तिकडे नवरा-नवरीवर तांदूळ उधळतात. त्यातला एक दाणा तिच्या कानात अडकला आणि त्या कानाची श्रवणशक्ती गेली. दुसऱ्या कानाने आधीच कमी ऐकू यायचं. चित्रात यातलं काहीच नाही. पुढचंही नाही. पंचवीस वर्षांनी, १२ मार्च १९१२ रोजी, तिने १८ मुली जमवून अमेरिकेत गर्ल स्काउट चळवळ सुरू केली. आपल्या शाळेतल्या गाईड आणि बुलबुल त्याच जागतिक परिवारातल्या.

३) नाशिकशी जोडा. त्याच्या काही वर्षं आधी रमाबाई रानडे आपल्या नाशिकात राहत होत्या. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी लग्न झालं तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना घरीच शिकवलं. नाशिकमध्ये त्यांनी पहिलं जाहीर भाषण केलं, तेही न्यायमूर्तींनी लिहून दिलेलं. त्याच रमाबाईंनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथे कितीतरी स्त्रिया शिकून स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या.

मुलांना विचारा : त्या भाषणाच्या दिवशी कुणी रमाबाईंचं चित्र काढलं असतं, तर त्यात सेवासदन दिसलं असतं का?

हा प्रश्न आपल्यासाठीही आहे. प्रगतिपुस्तकात आपण ‘अबोल’, ‘मागे राहते’ असे शेरे लिहितो. तेही एका दिवसाचं चित्रच की! पालक तो शेरा वर्षानुवर्षं मुलीला ऐकवत राहतात. म्हणून शेऱ्यापुढे एक ओळ वाढवूया : ‘सध्या हे शिकते आहे.’

घरचा अभ्यास : आजीचा तरुणपणीचा फोटो पाहा. त्यात न दिसणाऱ्या तीन गोष्टी तिलाच विचारून लिहा.